रशियातला ‘७५ टक्के पाठिंबा’ कसा वाचावा?

प्रश्न थोडक्यात असा होता: “युक्रेनमधल्या लष्करी कारवाईला पंचाहत्तरच्या आसपास टक्के रशियन लोकांचा पाठिंबा आहे, असं रशियातल्या लेवादा सेंटर या स्वतंत्र संस्थेची सर्वेक्षणं सांगतात. यावरून आमच्या घरात दोन तट पडलेत. मेहुणे म्हणतात, हे आकडे धाकदपटशाने काढलेले आहेत. मी म्हणतो, लोकांनाच युद्ध हवंय, म्हणून तर पश्चिमेने एवढे निर्बंध घालूनही काही हललं नाही. बरोबर कोण?”

दोघंही थोडे थोडे बरोबर आहात, पण तुमचा वाद भलत्याच जागी अडकलाय. ‘पाठिंबा आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा माणूस युद्ध मागतोय, हे तुम्ही दोघांनीही गृहीत धरलंय. भांडण फक्त ते ‘हो’ खरं की खोटं यावर. मला विचाराल तर प्रश्न असा मांडायला हवा: निर्णय घेताना ज्यांना कुणी विचारलं नाही, त्यांना निर्णय झाल्यावर विचारलं आणि ते ‘हो’ म्हणाले, तर त्या ‘हो’चं वजन किती धरायचं?

मी सर्वेक्षणाच्या धंद्यातली. पुण्यात रशियन शिकले आणि पुढे बरीच वर्षं भारतीय औषध कंपन्यांसाठी रशियात डॉक्टर आणि औषधविक्रेत्यांच्या मुलाखतींची कामं केली. म्हणजे प्रश्नावली बनवणं, स्थानिक मुलाखतकारांना तयार करणं, आलेली माहिती तपासणं. राजकीय सर्वेक्षण तिथे कधी केलं नाही. पण रशियात दार कसं उघडतं, माणूस कुठल्या प्रश्नाला चाचरतो आणि कुठे तोंडाला येईल ते सांगून मोकळा होतो, हे जवळून पाहिलंय. लेवादाचे तक्तेही नेमाने वाचते. खालचं सगळं त्या अनुभवावर बेतलेलं आहे.

‘रशियन लोक’ म्हणून सरसकट काही बोलणं अवघड आहे, हे आधी मान्य करते. मॉस्कोत कॉफी पीत बसलेल्या पोरासाठी युद्ध म्हणजे बंद पडलेलं इन्स्टाग्राम आणि विमानतळावरचा खोळंबा. युक्रेनच्या सीमेलगतच्या बेल्गोरोदमध्ये ते छतावर पडतं. दूर सायबेरियातल्या तुवा किंवा बुर्यातिया या गरीब प्रांतांतल्या खेड्यात ते गावच्या स्मशानात दिसतं. मार्च २०२२ मधलं उत्तर आणि २०२५ मधलं उत्तर यांतही फरक आहे, आणि विचारणारा कोण यावरही बरंच अवलंबून असतं. तेव्हा माझं म्हणणं सरासरी माणसाबद्दलचं समजा.

आता मेहुण्यांचा मुद्दा. आकडे बनावट आहेत का? लेवादाचे नाहीत. या संस्थेला रशियन सरकारनेच २०१६ मध्ये ‘परकीय एजंट’ ठरवलंय, त्यामुळे ती सरकारची पाठ थोपटायला बसलेली नाही. पद्धत जुनी आणि चोख आहे: पन्नासेक प्रांतांतली साधारण सोळाशे माणसं, घरी जाऊन समोरासमोर मुलाखत. शिवाय हे आकडे हलतात. २०१८ मध्ये सरकारने निवृत्तीचं वय वाढवायचा घाट घातला तेव्हा पुतिन यांच्या कामाला पसंती देणारे ऐंशीच्या वरून काही महिन्यांत सदुसष्टच्या आसपास आले. सप्टेंबर २०२२ मध्ये सैन्यभरतीचा हुकूम निघाला आणि त्र्याऐंशीवरून आकडा सत्त्याहत्तरवर घसरला. नुसत्या धाकाने काढलेला आकडा असा खाली-वर होत नाही.

पण धाक नाही असंही नाही, आणि तो कसा चालतो ते नीट बघायला हवं. ४ मार्च २०२२ रोजी, म्हणजे आक्रमणानंतर दीड आठवड्याच्या आत, फौजदारी संहितेत कलम २०७.३ आलं. सैन्याबद्दल ‘जाणूनबुजून खोटी माहिती’ पसरवली तर जास्तीत जास्त पंधरा वर्षं कैद. ‘खोटी’ म्हणजे व्यवहारात काय, तर संरक्षण मंत्रालयाने न सांगितलेली. अलेक्सेई गोरिनोव हे मॉस्कोच्या क्रास्नोसेल्स्की वॉर्डाचे नगरसेवक. त्या मार्चमध्ये वॉर्डाच्या बैठकीत मुलांच्या चित्रकला स्पर्धेचा विषय निघाला. युक्रेनमध्ये मुलं मरत असताना आपण इथे स्पर्धा कसल्या भरवतोय, अशा अर्थाचं ते बोलले. बैठकीचं चित्रीकरण झालेलं होतं. जुलैमध्ये सात वर्षांची शिक्षा लागली. खटल्यात काचेच्या पिंजऱ्यात उभं राहून त्यांनी एक कागद धरला होता: ‘तुम्हाला हे युद्ध अजून हवंय का?’ पुढे तुरुंगातल्या बोलण्यावरून त्यांच्यावर आणखी एक खटला झाला. सेंट पीटर्सबर्गच्या साशा स्कोचिलेन्को या कलाकार मुलीने सुपरमार्केटमधली किमतीची लेबलं काढून त्या जागी युद्धाची माहिती देणारे कागद लावले. एका वयस्कर गिऱ्हाईकबाईने तक्रार केली. साशालाही सात वर्षं झाली. ऑगस्ट २०२४ च्या कैदी-अदलाबदलीत ती सुटली, गोरिनोव नाही.

अशा खटल्यांची संख्या तुरुंग भरून जातील एवढी नाही. त्याची गरजच पडत नाही. वॉर्डाच्या बैठकीत बोललेलं आणि दुकानात चिकटवलेलं एवढंसं लेबल सात-सात वर्षांचं ठरतं, हे एकदा कळलं की बाकीचे आपोआप मूग गिळून बसतात. आणि दारात उभा असलेला अनोळखी मुलाखतकार नाव-गाव लिहून घेत नाही म्हणाला, तरी त्याने तुमचं दार पाहिलेलं असतं. आपल्याकडे गावात निवडणुकीचं सर्वेक्षण करताना ओट्यावर सरपंच येऊन बसला की उत्तरं कशी बदलतात, हे हे काम केलेला कुणीही सांगेल. रशियात तो सरपंच दिसत नाही, पण ओट्यावरून उठतही नाही.

मग भीतीचा वाटा किती? आमच्या धंद्यात याला एक जुनी युक्ती आहे. लोकांचे दोन गट करायचे. पहिल्या गटाला चार साधी विधानं द्यायची आणि यांतली किती पटतात एवढा आकडा फक्त सांगा म्हणायचं, कुठली ते नको. दुसऱ्या गटाला तीच चार आणि पाचवं नाजूक विधान. दोन गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे नाजूक विधान पटणाऱ्यांचं प्रमाण. कुणा एकाचं मत कुणालाच कळत नाही, त्यामुळे घाबरायचं कारण उरत नाही. फिलिप चापकोव्स्की आणि मॅक्स शाउब या संशोधकांनी २०२२ च्या वसंतात रशियात हे करून पाहिलं. थेट विचारल्यावर ६८ टक्के पाठिंबा, या आडवाटेने ५३. म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आसपास लोक तोंडदेखलं बोलत होते. मेहुण्यांचा मुद्दा एवढाच खरा. उरलेले निम्म्याहून जास्त लोक कुणी न बघतासुद्धा ‘हो’ म्हणतायत, त्यांना नुसती भीती घालून निकालात काढता येत नाही.

तर तुमच्या मुद्द्याकडे. त्यांना युद्ध हवंय का?

इथे लेवादाचा तक्ता उघडून खरंच बघा, बातमीचा मथळा नको. ‘पंचाहत्तर’ ही बेरीज आहे. ‘निश्चित पाठिंबा’ म्हणणारे चाळीस ते पंचेचाळीस टक्के, आणि ‘बहुधा पाठिंबा’ म्हणणारे तीसच्या आसपास. आमच्या कामात ‘बहुधा हो’ हा खाना म्हणजे नेहमीची डोकेदुखी. नवं औषध लिहून द्याल का, यावर ‘बहुधा’वर खूण करणाऱ्या डॉक्टरांपैकी किती खरंच लिहून देतात हे पाहिलं की त्या खान्यावरचा विश्वास उडतो. ते उत्तर बऱ्याचदा ‘मला यात ओढू नका’ याचं सभ्य रूप असतं.

त्याच तक्त्यात खाली दुसरा प्रश्न असतो: लष्करी कारवाई चालू ठेवावी की शांततेच्या वाटाघाटी सुरू कराव्यात? युद्धाची बहुतेक वर्षं निम्मे किंवा निम्म्याहून अधिक लोक वाटाघाटी म्हणतात. पंचाहत्तर टक्क्यांचा पाठिंबा आणि निम्म्यांहून अधिकांना वाटाघाटी, म्हणजे बरीच माणसं दोन्हीकडे ‘हो’ म्हणतायत. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये लेवादाने विचारलेला प्रश्न तर मला या सगळ्याची किल्ली वाटतो. पुतिन यांनी याच आठवड्यात युद्ध संपवायचं ठरवलं तर तुमचा पाठिंबा असेल का? सुमारे ७० टक्के हो म्हणाले. पण जिंकलेला प्रदेश युक्रेनला परत करून संपवायचं असेल तर? हो म्हणणारे एक तृतीयांशावर आले.

म्हणजे बहुसंख्य माणूस असा: युद्ध उद्या थांबलं तर सुटलो म्हणेल, चालू राहिलं तरी तक्रार करणार नाही, हरून थांबलेलं मात्र त्याला चालणार नाही. याला ‘युद्ध हवंय’ म्हणणं चुकीचं आहे. ‘युद्धाला विरोध आहे पण घाबरतो’ हेही चुकीचं आहे. राजा बोले, दळ हाले. निर्णय वरच्यांचा, आपण तो मानायचा.

हा माझा अंदाज नाही, याला आयता पुरावा मिळाला. २०२५ मध्ये ट्रम्प सत्तेत आल्यावर रशियन दूरदर्शनचा अमेरिकेबद्दलचा सूर काही आठवड्यांत बदलला आणि टीकेच्या तोफा युरोपकडे वळल्या. लेवादा दर वर्षी विचारतं, रशियाशी सगळ्यांत जास्त शत्रुत्वाने वागणारे देश कुठले? वर्षानुवर्षं पहिल्या जागेवर असलेली अमेरिका त्या उन्हाळ्यात खाली घसरली आणि पहिला नंबर जर्मनीला मिळाला. जे मत मनातून आलेलं असतं ते असं एका हंगामात कूस बदलत नाही. पाश्चात्त्यांबद्दलचा रशियन माणसाचा ‘खोलवरचा द्वेष’ वगैरे वाचलं की मला हा तक्ता आठवतो.

तरी मतं ही शेवटी मतंच. मी माणसांच्या तोंडापेक्षा त्यांच्या पायांवर आणि खिशावर जास्त विश्वास ठेवते. माणसं प्रत्यक्षात काय करतात ते बघा.

२१ सप्टेंबर २०२२ रोजी पुतिन यांनी तीन लाख माणसांची ‘अंशतः भरती’ जाहीर केली. लोकांना खरंच युद्ध हवं असतं तर भरती केंद्रांपुढे रांगा लागल्या असत्या. रांगा लागल्या त्या जॉर्जियाच्या सीमेवर, वेर्ख्नी लार्सच्या डोंगरी नाक्यावर, आणि कझाकस्तानच्या रस्त्यावर. काही जण मोटारी सोडून सायकलवर बसून पार झाले. त्या पाच-सहा आठवड्यांत लाखो पुरुष देशाबाहेर गेले. यांतले बरेच जण काही महिन्यांपूर्वी मुलाखतकाराला ‘बहुधा पाठिंबा’ म्हणाले असतील, याबद्दल मला शंका नाही.

क्रेमलिनने यातून जो धडा घेतला तो तुमच्या दोघांच्याही वादापेक्षा जास्त शहाणपणाचा आहे. पुन्हा तशी भरती काढलीच नाही. त्याऐवजी माणसं विकत घ्यायला सुरुवात केली. जुलै २०२४ च्या अखेरीस सैन्यात जाण्याच्या करारावर सही करणाऱ्याला केंद्राकडून एकरकमी मिळणारे १ लाख ९५ हजार रूबल वाढवून ४ लाख केले. त्यावर प्रांतांनी आपापली भर घालायची. मॉस्कोने १९ लाख जाहीर केले, त्या वेळच्या दराने साधारण अठरा लाख रुपये. शहराच्या जाहिरातींत पहिल्या वर्षात एकूण ५२ लाख रूबल मिळतील असं लिहिलेलं असे. महिन्याचा पगार दोन लाखांच्या वर. त्या वर्षी देशाचा सरासरी पगार होता नव्वद हजारांहून कमी, आणि तुवातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी हातात पडतो त्याच्या निम्मा. डिसेंबर २०२४ पासून सही करणाऱ्याचं एक कोटी रूबलपर्यंतचं थकलेलं कर्ज माफ करायची सोय आली. मेला तर घरच्यांना राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमानुसार ५० लाख रूबल, विम्याचे वेगळे.

ही रक्कम मी लक्ष देऊन बघते, कारण प्रश्नावलीत न मिळणारं उत्तर ती देते. युद्धाला जाण्याची खुशी पंचाहत्तर टक्के असती तर एवढा भाव द्यावा लागला नसता. आणि हा भाव युद्धभर चढत गेला. पैशांसाठी जाणाऱ्यांना कुणी हिणवावं असं मला वाटत नाही. घर गहाण, गावात कारखाना बंद, बायको-पोरं, मागे फिटत नसलेलं कर्ज, अशा चाळिशीच्या माणसासमोर आयुष्यात पहिल्यांदा एवढा पैसा दिसतो. मीडियाझोना या स्वतंत्र रशियन वृत्तसंस्थेने आणि बीबीसीच्या रशियन विभागाने मिळून मृत्युलेख, थडगी आणि स्थानिक बातम्या जुळवत नावानिशी मोजलेले मृत रशियन सैनिक २०२५ च्या सुरुवातीलाच नव्वद हजारांपुढे गेले होते. त्यांत मॉस्कोची नावं लोकसंख्येच्या मानाने कमी, तुवा-बुर्यातियाची कितीतरी जास्त.

इथे एक अलिखित सौदा झालेला आहे. सरकार म्हणतं: जाणारे पैसे घेऊन जातील, बाकीच्यांनी घरी बसावं, राजकारणात नाक खुपसू नये. लोक म्हणतात: चालेल. सौदा ज्यांच्या बाबतीत मोडला त्यांनीच आवाज केला. २०२२ मध्ये जबरदस्तीने उचललेल्यांना परत सोडण्याची तारीखच नव्हती. त्यांच्या बायकांनी ‘पूत दमोय’ नावाने गट केला, म्हणजे घराची वाट. डोक्याला पांढरे रुमाल बांधून त्या क्रेमलिनच्या भिंतीलगतच्या अज्ञात सैनिकाच्या समाधीवर फुलं वाहायला जमायच्या. या बायकांना देशद्रोही कसं म्हणणार? पोलीस सुरुवातीला त्यांना हात न लावता शेजारी उभ्या पत्रकारांना उचलत. मे २०२४ च्या शेवटी या गटालाही ‘परकीय एजंट’चा शिक्का बसला.

अशी आणखी एक खिडकी जानेवारी २०२४ मध्ये उघडली होती. युद्ध ही चूक आहे असं उघड म्हणणारे बोरिस नादेझ्दिन राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहायला निघाले. त्यासाठी एक लाख मतदारांच्या सह्या हव्या होत्या. सही करणं कायदेशीर होतं, निषेध मोर्चा नव्हे. कडाक्याच्या थंडीत शहराशहरांत सह्यांसाठी रांगा लागल्या, परदेशातही. निवडणूक आयोगाने सह्यांत दोष काढून अर्ज फेटाळला. मार्चमध्ये पुतिन ८७ टक्क्यांवर मतांनी निवडून आले. मधल्या काळात १६ फेब्रुवारीला विरोधी नेते अलेक्सेई नवाल्नी आर्क्टिक वर्तुळापलीकडच्या खार्पच्या तुरुंगात मरण पावले आणि मॉस्कोतल्या अंत्ययात्रेला हजारो लोक चालत गेले. ही माणसंही त्याच देशातली. पंचाहत्तर टक्के वाचताना उरलेले पंचवीस आपण सहज विसरतो. सर्वेक्षण प्रौढांचं असतं, आणि अकरा कोटींहून जास्त प्रौढांच्या देशात ती जवळपास तीन कोटी माणसं होतात.

उलट बाजूचाही एक प्रसंग बघा, कारण पाठिंबा खरंच घट्ट आहे का याची परीक्षा तिथे झाली. २४ जून २०२३. वाग्नर या भाडोत्री सैन्याचा प्रमुख प्रिगोझिन आपले सैनिक घेऊन रस्तोव शहरात शिरला, लष्कराच्या दक्षिण विभागाचं मुख्यालय ताब्यात घेतलं आणि एक तुकडी मॉस्कोकडे निघाली. ऐंशी टक्के पसंतीच्या राष्ट्राध्यक्षासाठी रस्त्यावर कोण उतरलं? कुणीच नाही. रस्तोवकर रणगाड्यांशेजारी फोटो काढत होते, शिपायांना खायला-प्यायला देत होते, आणि रात्री वाग्नर परत निघाले तेव्हा टाळ्या वाजवत होते. बंडाच्या बाजूनेही कुणी उठलं नाही. तमाशा पाहिला, घरी गेले. दोन महिन्यांनी प्रिगोझिनचं विमान कोसळलं, त्यावरही कुठे फार गलबला झाला नाही.

आता निर्बंध. “काही हललं नाही” हे तुमचं म्हणणं मला पटत नाही, पण तुम्ही कशाची वाट बघत होतात यावर ते अवलंबून आहे. लोक चिडतील आणि सरकारला जाब विचारतील, अशी पश्चिमेत अनेकांची अपेक्षा होती. वर सांगितलेला सौदा लक्षात घेतला तर ती फोल ठरणार हे उघड होतं. ज्या लोकांकडे निर्णयाची दोरीच नाही, त्यांना त्रास देऊन निर्णय कसा बदलेल? शिवाय पहिली दोन वर्षं त्रास बेताचाच होता. मॅकडोनाल्ड्स गेलं आणि जून २०२२ मध्ये तेच ‘व्कूस्ना इ तोच्का’ नावाने उघडलं. आयफोन तिसऱ्या देशातून ‘समांतर आयात’ म्हणून येऊ लागले. रस्त्यावर चिनी मोटारी आल्या. निझ्नी तागीलच्या रणगाडा कारखान्यात तिन्ही पाळ्या सुरू झाल्या, बेकारी अडीच टक्क्यांखाली गेली. उरलच्या एखाद्या मरगळलेल्या औद्योगिक गावात २०२३ हे बऱ्याच वर्षांतलं चांगलं वर्ष होतं, हे ऐकायला विचित्र वाटेल पण खरं आहे.

मग बिल येऊ लागलं. कामगार लढाईत, देशाबाहेर किंवा शस्त्रकारखान्यात, पैसा बाजारात भरपूर आणि माल कमी. डिसेंबर २०२३ मध्ये थेट प्रक्षेपणात एका पेन्शनर बाईंनी अंडी इतकी महाग का झाली म्हणून विचारलं तेव्हा पुतिन यांनी चक्क माफी मागितली. युद्धाबद्दल कधी मागितलेली नाही. २०२४ च्या शरदात लोणी एवढं महागलं की काही दुकानांनी पाकिटं चोरीच्या भीतीने प्लास्टिकच्या कुलूपबंद डब्यांत ठेवली. महागाई आवरायला मध्यवर्ती बँकेने त्या ऑक्टोबरमध्ये व्याजदर २१ टक्क्यांवर नेला, आणि सामान्य माणसाचं घरकर्ज स्वप्नातच राहिलं. १ जानेवारी २०२६ पासून मूल्यवर्धित कर २० वरून २२ टक्के झाला. संरक्षणावर अर्थसंकल्पाचा साधारण तिसरा हिस्सा जायचा तर तो कुणाच्या तरी खिशातून यायचाच.

निर्बंधांचा खरा परिणाम मी माझ्या कामात पाहिला, तो असा: सगळं होतं, पण उशिरा आणि महाग. औषधांवर निर्बंध नाहीत. तरी आमच्या स्थानिक मुलाखतकारांचे पैसे पाठवणं २०२४ मध्ये डोक्याला ताप झाला. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेने रशियाच्या युद्धउद्योगाशी व्यवहार करणाऱ्या परदेशी बँकांवरही कारवाई करू असा हुकूम काढला होता. त्यानंतर तुर्कस्तान, अमिराती, चीन, सगळीकडच्या बँका अंग चोरू लागल्या. एक रक्कम तिसऱ्या देशातल्या बँकेने तीन आठवडे ठेवून घेतली, प्रश्नावलीची प्रत मागितली (हृदयरोगतज्ज्ञांना विचारायचे प्रश्न!) आणि शेवटी शुल्क कापून परत केली. मधला दलाल दोन-चार टक्के घेतो तेव्हा काम होतं. आता हाच खर्च रशियाच्या सगळ्या आयातीवर लावून बघा.

आपल्याला याची सगळ्यांत स्पष्ट कबुली गोव्यातच मिळाली होती. मे २०२३ मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी परराष्ट्रमंत्री लावरोव तिथे आले असताना म्हणाले, भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरायचे कसे हा प्रश्न आहे. युद्धापूर्वी भारताच्या तेलखरेदीत रशियाचा वाटा दोन टक्केही नव्हता, नंतर तो तिसऱ्या हिश्श्यापुढे गेला. तेल विकलं, पैसे आले, पण रुपयांत. आणि भारताकडून तेवढ्या रुपयांचं घ्यायचं काय? त्याशिवाय पश्चिमेत गोठवलेली रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी आहेच. म्हणजे निर्बंधांनी युद्ध थांबवलं नाही, पण ते दर वर्षी जास्त महाग केलं.

पश्चिमेशी संबंधांबद्दल माझं मत थोडं दोन्ही बाजूंना बोचणारं आहे. २००८ मध्ये बुखारेस्टला नाटोने युक्रेन आणि जॉर्जिया ‘सदस्य होतील’ असं जाहीर केलं आणि तारीख दिली नाही. रशियाला चिडवायला पुरेसं आणि त्या दोन देशांना संरक्षण द्यायला अपुरं, असं ते अर्धवट आश्वासन होतं. रशियातल्या सुशिक्षित, पुतिन-विरोधी लोकांच्या तोंडूनही मी हे ऐकलंय. पण ‘नाटोच्या भीतीने युद्ध झालं’ हे पूर्ण उत्तर मानायचं तर फिनलंडचं काय करायचं? ४ एप्रिल २०२३ ला फिनलंड नाटोत गेला आणि नाटोशी सुमारे १,३४० किलोमीटरची नवी सीमा तयार झाली. रशियाने त्या सीमेवरचं बरंच सैन्य युक्रेनकडे हलवलेलं होतं. नाटो खरोखर उद्या चाल करून येणार असं मानणारा देश असं करत नाही.

दुसरीकडे, व्हिसा बंद करण्याचा युरोपचा उत्साह मला आतबट्ट्याचा वाटतो. बाल्टिक देश, पोलंड आणि फिनलंडने सप्टेंबर २०२२ मध्ये रशियन पर्यटकांना दारं लावली, आणि त्याच महिन्यात भरतीपासून पळणाऱ्यांची लाट आली. ते मग येरेवान, तिबिलिसी, अल्माती, बेलग्रेडला गेले. युक्रेनी माणूस म्हणेल, आमच्यावर बॉम्ब पडत असताना यांच्या सहलींची चिंता मला का? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण ‘तिकडे तुम्हाला कुणी विचारत नाही’ हे सांगायला रशियन दूरदर्शनला त्याने आयतं कोलीत मिळालं, हेही खरं.

थोडक्यात, तुमच्या घरच्या वादापुरतं: पंचाहत्तरमधून भीतीचे पंधराएक काढा. उरलेल्यांतला लहान गट खरा कट्टर आहे. त्यांच्यातल्याही जास्त बोलणाऱ्यांना सरकार सोडत नाही, युद्ध नीट लढत नाही म्हणून टीका करणाऱ्या इगोर गिर्किनला चार वर्षांची शिक्षा झालीच. मधला मोठा गट निर्णय वर सोपवून आपल्या कामाला लागलेला आहे, आणि तो उद्या तहालाही तितक्याच सहजपणे ‘हो’ म्हणेल.

पुढे काय बदलतंय हे पाहायचं असेल तर पाठिंब्याची टक्केवारी सोडा आणि करारावर मिळणारी एकरकमी रक्कम बघा. २०२५ च्या शरदात काही प्रांतांनी ती अचानक खाली आणली. तिजोरी आटल्यामुळे की माणसं पुरेशी मिळाल्यामुळे, हे त्या त्या प्रांताच्या अर्थसंकल्पावरून ठरवावं लागेल. तिजोरी आटली असेल तर सरकारपुढे दोनच रस्ते उरतात, युद्ध लहान करणं किंवा २०२२ सारखी सक्तीची भरती पुन्हा काढणं. दुसरा रस्ता धरला तर घरी बसलेल्यांशी केलेला सौदा मोडतो. आणि लेवादाचा पुढचा तक्ता आला की मेहुण्यांना पहिल्या ओळीवर थांबू देऊ नका. ‘निश्चित’ आणि ‘बहुधा’ वेगळे करून वाचा, मग वाटाघाटींची ओळ वाचा, मग वयोगटांची. अठरा ते चोवीस वयाच्या मुलांचा रकाना आधी बघा, तेही लढायच्या वयाचे आहेत आणि पाठिंबाही बहुतेक वेळा त्यांचाच सगळ्यांत कमी असतो.